हे पूर्वोदाहरण समजू नये

सरकारी कचेरीत ज्यांनी दहा-पंधरा वर्षे काढली आहेत त्यांस एक वाक्य तोंडपाठ असते. नियमाला मुरड घालून एखाद्याचे काम करून दिले की आदेशाच्या शेवटी लिहावयाचे, 'ही सवलत विशेष बाब म्हणून देण्यात येत असून हे पूर्वोदाहरण समजण्यात येऊ नये.' या एका ओळीत राज्यकारभाराचे पुष्कळ शहाणपण साठवलेले आहे. अपवाद घडतो हे ती नाकारीत नाही. घडलेला अपवाद ती नोंदवून ठेवते. परंतु पुढच्या अर्जदाराने त्यावर हक्क सांगू नये एवढी तजवीजही करते. कागदावर जी गोष्ट आम्हां नोकरदारांस इतकी स्वच्छ कळते, ती घरच्या वडीलधाऱ्यांच्या दुखण्यात मात्र कळेनाशी होते. ती तेथेही कळावी, एवढ्यासाठी हा लेख.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींत एक समजूत फार सुखाने नांदत आहे. साताऱ्यास किंवा वर्ध्यास राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या आईच्या गालात आतून चट्टा उठला आहे आणि महिना लोटला तरी तो भरून येत नाही, असा दूरध्वनी येतो. मुलगा दिल्लीस, कलकत्त्यास नाहीतर शिलाँगला. कोणी अनुभवी गृहस्थ आस्थेने विचारपूस करतात आणि सांगतात, 'या वयात रक्त थंड झालेले असते, कॅन्सर वाढत नाही. आमच्या अमक्याच्या मामांची गाठ तर आपोआप विरली. उगीच सुई टोचाल तर पसरेल.' मुलाला हायसे वाटते. आणि हायसे वाटले म्हणूनच ते खरेही वाटते. रजेचा अर्ज फाडला जातो, दिवाळीस गेल्यावर पाहू असे ठरते, आणि दिवाळीपर्यंत पाहण्यासारखे फारसे उरत नाही. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो हे आम्ही मान्य करतो. हेतू वाईट नसल्यामुळेच ही समजूत अधिक घातक ठरते. कारण दुष्ट माणसाशी भांडता येते, हितचिंतकाशी भांडणे जड जाते.

प्रथम हे सांगून टाकतो की, कर्करोग उपचारावाचून ओसरतो ही गोष्ट मुळीच खोटी नाही. इंग्रजी वैद्यकग्रंथांत तिला 'स्पॉन्टेनिअस रिग्रेशन' म्हणतात. आम्ही येथे तिला 'आपोआप माघार' म्हणू. इलिनॉय विद्यापीठातील एव्हरसन आणि कोल या दोघां शल्यचिकित्सकांनी या विषयावर १९६६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी व्याख्या करून दिली ती अशी: कसलाही उपचार झालेला नसताना, किंवा झालेला उपचार परिणाम घडवण्यास अपुरा असताना, मारक गाठ अंशतः वा पूर्णतः नाहीशी होणे म्हणजे आपोआप माघार. माघार म्हणजे कायमची मुक्तता नव्हे, हेही त्यांनी त्याच वेळी बजावले होते. १९०० सालापासून जगभर प्रसिद्ध झालेले वृत्तांत त्यांनी चाळले आणि कसोटीस उतरलेली उदाहरणे मोजली. ती भरली १७६. साठाहून अधिक वर्षांचे वैद्यकीय वाङ्मय, आणि खात्रीची उदाहरणे १७६!

हे प्रमाण किती विरळ आहे याचा एक अंदाज वारंवार दिला जातो: साठ हजार ते एक लक्ष रुग्णांमागे एक. अंदाज ढोबळ आहे. सर्वच घटना कोणी लिहून ठेवीत नाही, आणि कर्करोगाच्या प्रत्येक प्रकारात प्रमाण निराळे असते. तरीही हिशेब करून पाहण्यास हरकत नाही. राष्ट्रीय नोंदणीच्या आधारे भारतात २०२२ साली कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे १४ लक्ष ६१ हजार असावेत असे अनुमान करण्यात आले होते. वरच्या प्रमाणाने त्यांतील पंधरा ते चोवीस जणांची गाठ आपोआप ओसरावी. सगळ्या देशात, सबंध वर्षात, पंधरा ते चोवीस! अंदाज दसपटीने चुकला असे धरले तरी संख्या अडीचशेच्या आतच राहते. मग प्रत्येक कचेरीत, प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ज्यांची गाठ विरली असे मामा निघतात तरी कोठून?

त्यांचा उगम शोधणे कठीण नाही. पुष्कळशा मामांस कर्करोग झालेलाच नसतो. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून गाठीची जात ठरत नाही. आणि आपल्या कथांत तुकडा कोणी काढलेला नसतो, कारण सुई टोचू नये हाच त्या कथेचा बोध असतो! इटलीत तेराव्या-चौदाव्या शतकांत होऊन गेलेल्या पेरेग्रिन लाझिओसी या साधूच्या पायावरील व्रण पाय कापण्याच्या आदल्या रात्री नाहीसा झाला अशी आख्यायिका आहे. १७२६ साली त्यास संतपद मिळाले आणि कर्करोग्यांचा तो कैवारी मानला गेला. त्याच्या भक्तांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. परंतु तो व्रण कर्करोगाचा होता की आणखी कशाचा, हे आज कोण सांगणार? आपल्या मामांची स्थिती याहून निराळी नाही, आणि त्यांच्या बाबतीत तर सूक्ष्मदर्शक गावातच उपलब्ध होता.

दुसरे असे की, कर्करोगासारखी दिसणारी आणि आपोआप जाणारी एक गाठ खरोखरच असते, व ती बहुधा वृद्धांसच होते. केरॅटोअ‍ॅकँथोमा हे तिचे नाव. उन्हात वावरलेल्या कातडीवर ती येते, काही आठवड्यांत भराभर वाढते, मध्ये खळगा पडतो, आणि काही महिन्यांत पुष्कळदा ती आपली आपण निघून जाते. परंतु त्वचेच्या खऱ्या कर्करोगाशी तिचे साम्य इतके आहे की, सूक्ष्मदर्शकाखालीही तज्ज्ञ घोटाळ्यात पडतात. म्हणून शहाणे वैद्य तिची वाट न पाहता ती काढून टाकतात. ज्या गाठीबद्दल तज्ज्ञाला खात्री देववत नाही, तिच्याबद्दल आमचे हितचिंतक चहाच्या पेल्यावर निकाल देतात.

तिसरे कारण आमच्या धंद्यातलेच आहे. ज्यांची गाठ विरली ते बोलत राहतात. ज्यांची विरली नाही ते गप्प झालेले असतात. केवळ मंजूर अर्जांची नोंदवही ठेवली आणि नामंजूर अर्ज जाळून टाकले, तर कोणतीही कचेरी शंभर टक्के उदार ठरेल.

आता वयाचा मुद्दा. 'उतारवयात माघार अधिक' या म्हणण्यास आधार काय? एव्हरसन आणि कोल यांच्या १७६ उदाहरणांपैकी निम्म्याहून अधिक केवळ चार प्रकारांतील होती: मूत्रपिंडाचा कर्करोग, न्यूरोब्लास्टोमा, मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग आणि कोरिओकार्सिनोमा. यांपैकी न्यूरोब्लास्टोमा हा बालकांचा रोग, आणि त्याची माघार दिसते ती मुख्यतः तान्ह्या मुलांत. कोरिओकार्सिनोमा बहुतांशी गर्भधारणेशी निगडित, म्हणजे तरुण स्त्रियांचा. तेव्हा माघारीचे विशेष वरदान जर कोणत्या वयास लाभले असेल तर ते पाळण्यातल्या वयास आहे. काठीच्या वयास नव्हे. उलट वय वाढते तशी शरीराची संरक्षक व्यवस्था शिथिल होत जाते. उरातील ज्या थायमस ग्रंथीत तिचे शिपाई तयार होतात ती उतारवयात आक्रसून गेलेली असते. रक्त थंड होते म्हणून रोगही थंड होतो हे केवळ काव्य आहे.

वृद्धांत माघार कधीच दिसत नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मर्केल पेशींचा कर्करोग हा कातडीचा विरळा पण उग्र रोग बहुधा सत्तरीच्या आसपास व तिच्यापुढे गाठतो. आणि इतर अनेक कर्करोगांच्या मानाने त्यात आपोआप माघारीचे वृत्तांत अधिक आहेत. मौज अशी की, त्यांतील कित्येक वेळा ही माघार तपासणीसाठी तुकडा काढल्यानंतर सुरू झालेली आढळते. ज्या सुईने रोग पसरतो म्हणून आपण वृद्धांस घरी बसवतो, त्या सुईनंतरच रोग हटल्याची ही नोंद आहे! लसिका ग्रंथींच्या मंदगती कर्करोगाचेही उदाहरण घ्यावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील हॉर्निंग आणि रोझेनबर्ग यांनी १९८४ साली अशा ८३ रुग्णांचा वृत्तांत दिला, ज्यांचा उपचार मुद्दाम लांबणीवर टाकला होता. त्यांपैकी १९ जणांच्या गाठी आपोआप ओसरल्या. प्रमाण लहान नाही. पण हे ८३ जण कोणी गावी खाटेवर सोडून दिलेले नव्हते. त्यांच्या रोगाची जात ठरलेली होती, ठरल्या दिवशी ते तपासले जात होते, आणि गरज पडताच उपचार सुरू करण्याची सिद्धता होती. ती वाट पाहणे होते. आपण करतो ते पाठ फिरवणे आहे.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा आम्हीच पुढे ठेवतो, म्हणजे तो लपवल्याचा आरोप नको. २००८ साली त्साल, मेलेन आणि वेल्च यांनी नॉर्वेतील पन्नास ते चौसष्ट वर्षांच्या स्त्रियांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. वारंवार क्ष-किरण तपासणी झालेल्या गटात, तशी तपासणी सहा वर्षांच्या शेवटी एकदाच झालेल्या गटापेक्षा, स्तनांचे कर्करोग २२ टक्क्यांनी अधिक आढळले. त्यावरून त्यांनी तर्क केला की, तपासणीने सापडणारे काही कर्करोग, न सापडते तर, आपोआप विरले असते. हा तर्क विचारार्ह आहे, वादग्रस्तही आहे. पण तो आहे यंत्राने शोधलेल्या, हाताला न लागणाऱ्या सूक्ष्म गाठींविषयी आणि त्याही मोठ्या समूहाच्या सरासरीविषयी. आणि त्यात कोणाचीही विशिष्ट गाठ विरताना पाहिलेली नाही. आजीच्या छातीत हाताला लागणाऱ्या आणि कातडी ओढून घेणाऱ्या गाठीस तो लावणे म्हणजे एका खात्याचे परिपत्रक दुसऱ्या खात्यास लावणे होय.

पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगाची गोष्टही अशीच. इंग्लंडातील प्रोटेक्ट नावाच्या चाचणीत पन्नास ते एकोणसत्तर वर्षांचे १६४३ पुरुष होते. काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींवर किरणोपचार, काहींवर केवळ नजर ठेवली गेली. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली आले, तेव्हा त्या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होते. म्हणजे काही रोग इतक्या मंद गतीने चालतात की घाई अनाठायी ठरते. परंतु मंद चाल ही माघार नव्हे, आणि चाल मंद आहे हे तपासल्यावाचून कळत नाही.

मग या अपवादांचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. उपयोग फार मोठा आहे, पण तो अभ्यासकाला आहे. न्यूयॉर्कचा विल्यम कोली हा तरुण शल्यचिकित्सक एका मुलीच्या मृत्यूने व्यथित होऊन जुने रुग्णपट चाळू लागला. त्यात त्याला एक जर्मन स्थलांतरित सापडला, ज्याची मानेवरील गाठ शस्त्रक्रियेस दाद देत नव्हती आणि विसर्प या ज्वरयुक्त त्वचारोगानंतर नाहीशी झाली होती. कोलीने शहरात हिंडून त्या माणसाचा प्रत्यक्ष शोध लावला. तो सात वर्षांनंतर धडधाकट होता. १८९१ पासून कोलीने रुग्णांस मुद्दाम असे संसर्ग, पुढे जंतूंचे अर्क, टोचून पाहिले. फळ अनिश्चित मिळाले आणि किरणोपचाराच्या युगात ही पद्धत मागे पडली. पण शरीराची संरक्षक व्यवस्था चेतवून कर्करोगाशी लढवता येईल ही कल्पना मेली नाही. १९७६ साली कॅनडातील मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या कर्करोगात वापरून दाखवली. तो उपचार आजही चालू आहे, आणि त्याचा लाभ घेणारे बहुतेक रुग्ण वृद्धच असतात. त्या संरक्षक व्यवस्थेचे लगाम सोडवणाऱ्या शोधाबद्दल अ‍ॅलिसन आणि होंजो यांस २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि आपोआप माघारीची खूण ज्यात दिसत होती त्या मर्केल कर्करोगावर अशाच जातीचे औषध २०१७ साली अमेरिकेत मान्य झाले. ज्यांनी अपवादाचा अभ्यास केला त्यांनी औषध दिले. ज्यांनी अपवादावर भिस्त ठेवली त्यांनी मुदत घालवली.

वैद्यांसही दोन शब्द सुनावल्यावाचून आम्ही राहणार नाही. रुग्णाच्या नातलगाने या गोष्टीची पृच्छा केली की अनेक वैद्य 'असे काही नसते' म्हणून हात झटकतात. असे असते! तुम्ही ते नाकारता तेव्हा तो नातलग तुमच्या दारातून उठून, 'असे असते' म्हणणाऱ्या भोंदूच्या दारात जाऊन बसतो. भोंदूंची तर यावर चंगळ चालली आहे. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करण्यास औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने १९५४ सालीच बंदी घातली आहे. परंतु कायदा वर्तमानपत्राच्या स्तंभावर लक्ष ठेवीत राहिला आणि जाहिरात भ्रमणध्वनीवरील संदेशांत शिरून बसली. वृद्धांच्या भीतीवर पैसा करणाऱ्या या धंद्याला 'आपोआप माघार' हे आयते भांडवल मिळते. कारण एखाद्याची गाठ खरोखर ओसरलीच, तर श्रेय घेण्यास चूर्णवाला उभाच असतो.

आता मुख्य प्रश्न. न्यूरोब्लास्टोमाच्या काही तान्ह्या मुलांत तज्ज्ञ लोक शस्त्र न लावता केवळ नजर ठेवतात, इतका तेथे माघारीचा पुरावा भक्कम आहे. असे असूनही, दहा महिन्यांच्या मुलाच्या पोटात गाठ निघाली तर, 'राहू द्या, या वयात आपोआप विरते' असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? त्या रात्रीच गाडीचे तिकीट काढले जाईल. जेथे पुरावा अधिक तेथे हे वाक्य आपल्या तोंडून निघत नाही. जेथे पुरावा नगण्य तेथे ते ओठांवर तयार असते. याचा अर्थ एवढाच की, ते वाक्य पुराव्यातून आलेले नाही. ते रजेच्या हिशेबातून, प्रवासाच्या दगदगीतून, मुलांच्या परीक्षांतून, 'आता किती दिवस राहिले त्यांचे' या न बोललेल्या वाक्यातून आलेले आहे. आमची सोय आम्ही निसर्गाच्या नावावर खर्ची टाकतो. आणि ज्याच्या नावे खर्च पडतो तो वृद्ध, मुलाला त्रास नको म्हणून, आपणहून म्हणतो, 'मला काही होत नाही रे.' ही त्याची संमती समजण्याइतके आपण भोळे नाही.

येथे गैरसमज नको. प्रत्येक वृद्धावर शस्त्र चालवावे, प्रत्येकास कडक औषधे पाजावीत, असा आमचा आग्रह नाही. उपचार न घेण्याचा निर्णयही सन्मान्य असू शकतो. मात्र तो रोगाची जात, अवस्था आणि उपचाराची किंमत समजून घेऊन, ज्याचे शरीर त्याने स्वतः घेतलेला असावा. मग वेदनाशमनाची नीट व्यवस्था व्हावी. मॉर्फिनसारखी औषधे गरजू रुग्णांस मिळणे सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली कायदाही दुरुस्त झाला आहे. 'मला हे नको' असे जाणतेपणी म्हणणे निराळे, आणि 'ते आपोआप जाईल' असे दुसऱ्याने परस्पर ठरवणे निराळे. पहिला निर्णय आहे, दुसरी टाळाटाळ आहे. वैद्यकानेही आता केवळ जन्मतारीख पाहून निकाल देणे सोडले आहे. वृद्ध चालतो कसा, खातो काय, स्मरण कसे आहे, इतर रोग कोणते, सोबतीला कोण आहे, हे पाहून उपचार बेतावा अशी पद्धत रुजत आहे.

राहिला साधनांचा प्रश्न, आणि तेथे तर आपणां सरकारी नोकरांस तक्रारीस फारच थोडी जागा आहे. केंद्र शासनाची आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. जेथे ती नाही तेथे १९४४ चे वैद्यकीय परिचर्या नियम आहेत. उत्पन्नाच्या व इतर अटींत बसणाऱ्या अवलंबित आई-वडिलांचा समावेश दोन्हींत होतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेखाली वर्षाला कुटुंबामागे पाच लक्ष रुपयांपर्यंत उपचार मिळण्याची सोय आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे; त्याच केंद्राची रुग्णालये आज वाराणसीस, संगरूरला, विशाखापट्टणास आणि गुवाहाटीसही आहेत. म्हणजे आईला मुंबईस नेणे जमत नसेल तर आपल्या बदलीच्या गावाजवळ आणता येते. नियमपुस्तकातील प्रवासभत्त्याचे पोटकलम ज्यांस पाठ आहे, त्यांस आईचे नाव आरोग्यपत्रावर चढवण्याचा अर्ज कोठे मिळतो हे ठाऊक नसावे, हे शोभत नाही.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. तोंडातील चट्टा तीन आठवड्यांत भरून आला नाही, गाठ लागली, गिळताना अडकू लागले, अवेळी रक्त दिसले, तर वय न विचारता तुकडा तपासावा. तपासल्यावर थांबणेच योग्य असे तज्ज्ञ म्हणाले तर खुशाल थांबावे. पण तारीख ठरवून, नजर ठेवून थांबावे. आणि त्यानंतर एखाद्या आजीची गाठ खरोखरच आपोआप ओसरली, तर आनंद मानावा, वैद्याकडून तिची रीतसर नोंद करवून घ्यावी, अभ्यासकांस कळवावी. आणि त्या नोंदीच्या खाली, आपल्याला जी ओळ लिहिण्याची इतकी सवय आहे, ती न विसरता लिहावी.